घराण्याचा कंप

या, जवळ सरकून बसा. मागे खांबाला टेकलात त्यांनीही पुढे यावं. सतरंजी मोकळी आणि माणसं दाराशी, असं झालं की गोष्ट थंडावते. आज राजाराणीची नाही, एका हाताची गोष्ट ऐकवायची आहे. काळ फार लांबचा नाही. आज जी पोरं पाळण्यात आहेत ती कॉलेज संपवतील, त्या सुमाराचा; पण सांगतो घडून गेल्यासारखा. गाड्या चालकावाचून धावू लागल्या होत्या, दवाखान्याच्या दारातून आत गेलं की दारच तुमचा ताप सांगायचं. पण आरतीचं तबक मात्र अजून माणसालाच ओवाळावं लागत होतं.

कृष्णाकाठच्या एका गावात वृषालीताई तासगावकर कीर्तन करत. नऊवारी, कपाळी बुक्का, उजव्या हातात चिपळ्या. यजमान हेमंतराव पेटीवर साथीला. लेक ओवी लहानपणापासून आईच्या मागे उभी राहून झांज वाजवायची. डॉक्टर झाली तरी सुट्टीत आली की झांज तिचीच. एकदा कीर्तन संपलं, आरती सुरू झाली, आणि पुढे बसलेल्यांना दिसलं की ताईंच्या हातातलं निरांजन नाचतंय. वारा तर कुठेच नव्हता.

"ज्योत का गं नाचत होती?" घरी आल्यावर हेमंतरावांनी विचारलं.

"वय झालं."

"पन्नाशीत? मग मला आताच खांद्यावर घ्या म्हणावं." हेमंतराव हसले. "मी वाचलंय, दोन घोट घेतले की असला कंप घटकाभर थांबतो म्हणे."

"बुक्का लावून उभी राहणारी बाई मी. कसले घोट सांगताय?"

"तीर्थ म्हणून घे की!"

ताई हसल्या, पण तीर्थ म्हटल्यावर त्यांना दुसरंच आठवलं. त्यांचे वडील, अण्णा, देवळात तीर्थ द्यायचे. पळी तळहातावर येईपर्यंत निम्मं तीर्थ सांडायचं, आणि लोक म्हणायचे, अण्णांच्या हातात देव नाचतो. हात मांडीवर असला की गप्प. काही उचलायला गेला की नाचायला लागायचा. ताईंचा हात आता तसाच वागत होता.

आता थोडं शास्त्र ऐकून घ्या, त्यावाचून पुढची गाठ सुटायची नाही. हात हलतो म्हणजे एकच रोग, असं नसतं. एक कंप असतो विसाव्याचा: हात मांडीवर पडला की हलतो, कामाला लावला की थांबतो. आपण कंपवात म्हणतो तो बहुधा हा. दुसरा लहान मेंदूचा: बोट नाकाजवळ नेताना जसजसं जवळ यावं तसतसं जास्त भरकटतं. तिसरा कामाचा कंप, पेला उचलला की येणारा. तो रक्तातून उतरतो, निम्म्या लेकरांना होतो, निम्म्यांना होत नाही. लोक त्याला घराण्याचा कंप म्हणत. "घराणं गाण्यात असावं, कंपात नसावं," असा विनोदही निघाला होता. आणि चौथा मनोजन्य. मेंदूत जखम नसते, पण मनावरचा भार हातातून वाट काढतो. तो सोंग नसतो, माणूस खराखुरा त्रासलेला असतो.

हे चार ओळखण्यात पूर्वी मोठमोठे डॉक्टर चुकत. मग कंकण आलं. मनगटावर घालायची चपटी पट्टी. स्नायूंची हालचाल, त्यांच्या शिरांतले संदेश, कंपाची गती, सगळं वाचायची आणि पाव तासात प्रकार सांगायची. घराण्याचा कंप निघाला तर उपायही होता. डोक्याची कवटी न उघडता, बाहेरून ध्वनीच्या लहरी सोडायच्या. हजार वाटांनी निघालेल्या लहरी मेंदूत एका मोहरीएवढ्या ठिपक्यावर भेटतात, तो ठिपका तापतो, आणि हात शांत होतो. एका सकाळचं काम. किती म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षांनी स्वतःच्या हाताने चहा प्यायला! विज्ञानाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही, मंडळी. त्या कंकणाने पुष्कळांची पीडा हरली. ते अडकलं कुठे, ते ऐका.

ओवीला डोळ्याच्या पडद्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया शिकायला जागा मिळाली होती. पडद्यावर केसाहून पातळ साय धरते, ती सोलून काढायची. यंत्रं फार पुढे गेली तरी त्या कामाला अजून माणसाचा हात लागे, आणि असे हात देशात मोजके. ओवी पेढ्याचा पुडा घेऊन आली, देवापुढे ठेवला, आणि फोनवर प्रवेशाच्या अटी मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता हसली.

"ही बघ गंमत. दोन्ही पालकांनी कंकण घालून तपासणी करायची. कुणाला घराण्याचा कंप निघाला तर जागा रद्द."

"पोरीची तपासणी करा म्हणावं," हेमंतराव म्हणाले. "आईबापाची कशाला?"

"करून कळत नाही ना, बाबा. हा कंप रक्तात एका जागी सापडत नाही, शंभर ठिकाणी विखुरलेला असतो. म्हणून मागची पिढी बघतात. शिकवण्यात वर्षं जायची, आणि पुढे हात हलला तर ती वाया; लहरींनी तो चहापुरता थांबतो, पडद्यावरच्या कामापुरता नाही, असं प्रवेश देणाऱ्या मंडळाचं म्हणणं. जाऊ दे. आपल्याकडे कुणाला आहे?"

ताई पेढा हातात घेणार होत्या. त्यांनी हात पदराखाली घेतला.

"आई, तुझं ते निरांजन थकव्याचं असेल. तपासणीत कळेलच."

तपासणीत कळेलच! त्या वाक्याने ताईंच्या भोवती चार भिंती उभ्या केल्या. तपासणी टाळावी तर जागा जाते. करावी तर कंप निघतो आणि जागा जाते. खरं सांगितलं तर हात बरा होईल, चिपळ्या पुन्हा सरळ वाजतील, आणि लेकीचा हात मात्र कामाविना राहील. ज्या लेकीने शाळेत असताना मुंगीच्या पायाला दोरा बांधायचा नाद घेतला होता, तिचा.

वाट सापडली ती ओवीच्याच अभ्यासातून. परीक्षेच्या दिवसांत ती पाठांतर मोठ्याने करायची, आणि आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. एक ओळ ताईंच्या कानात राहिली होती: मनोजन्य कंपाची खूण अशी की रोग्याला दुसऱ्या हाताने ताल धरायला लावला, तर कापणारा हात आपली चाल सोडतो आणि त्या तालावर येतो. बाकीचे कंप कुणाचा ताल ऐकत नाहीत.

ताल! उभा जन्म दुसरं काय केलं होतं?

सांगलीच्या निदान केंद्रात डॉक्टर नीलोफर बागवान होत्या. गोड बाई. "ताई, माझी आजी तुमची कीर्तनं ऐकायची हां," म्हणत त्यांनी कंकण चढवलं. हात पुढे धरायला लावले, बोटाने नाकाला शिवायला लावलं, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. ताईंनी पहिल्यापासून खऱ्या कंपावर खोट्या कंपाचं पांघरूण घातलं. मोठा, ढोबळ हेलकावा, स्वतःच्या मनाने दिलेला. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता डाव्या हाताने टेबलावर टिचक्या द्या, यंत्राच्या ठोक्याबरोबर."

टक्, टक्, टक्, टक्. डावा हात लागला, आणि ताईंनी उजवा हळूच त्या लयीवर आणून सोडला.

मुद्दाम हलवलेला हात आणि मनोजन्य कंप, दोन्हींना मेंदूतून निघणारी वाट एकच. यंत्राला त्यांत फरक दिसत नाही. तो फरक माणूस इमानाने सांगेल, हे त्यात गृहीत धरलेलं.

"घरात पूर्वी कुणाला कंप?"

"नाही," ताई म्हणाल्या, आणि अण्णांना मनातल्या मनात हात जोडले.

डॉक्टरांनी त्यांचा तळवा दोन्ही हातांत घेतला. "मनोजन्य आहे, ताई. सोंग म्हणत नाही मी. मनावर काहीतरी ओझं आहे तुमच्या. कंकण घरी घेऊन जा. रोज सकाळ-संध्याकाळ तालाचा सराव करायचा, यंत्र हळूहळू ठोका कमी करत नेईल, हात सुटेल. आणि मोकळं बोला घरात. बोलण्यात गुंतलात की हा कंप आपोआप थांबतो, बघा तुम्ही."

दार उघडलं असं वाटलं होतं, ते दुसऱ्या खोलीत उघडलं होतं. बोलण्यात गुंतल्यावर थांबतो तो मनाचा कंप. ताईंचा थांबणार कसा? पेला हातात असताना कुणी बोलू लागलं की हात आपल्या मूळ गतीने नाचणार, आणि डॉक्टर झालेली लेक समोर बसलेली. म्हणून ताईंनी बोलणंच कमी केलं. जिच्या वाणीवर गाव डोलायचं ती बाई स्वतःच्या घरात मुकी झाली. चहा एकटीने प्यायच्या. ताटात पातळ भाजी घेईनात. कंकण रात्रंदिवस मनगटावर, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्या ठोक्याला खोटा हात नाचवायचा.

गावाला वार्ता कळायला कितीसा वेळ लागतो? "मनाचं आहे म्हणे." "सासरचं काही असेल." "नवरा वरून गोड दिसतो, पण..." हेमंतराव दूध आणायला गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. एक दिवस ते पेटीसमोर नुसतेच बसले.

"मी काय छळलं तुला?"

"अहो, काहीतरीच काय!"

"मग कसलं ओझं? डॉक्टरला सांगतेस, यंत्राला सांगतेस, मला सांगता येत नाही? डोक्यातलं असेल तर काढून टाक ना डोक्यातून! सगळा गाव मला बघतो."

ताईंच्या ओठापर्यंत आलं. पण हेमंतराव भोळे. पोटात ठेवायला गेले असते, आणि ते चेहऱ्यावर उमटलं असतं. ताई उठून देवघरात गेल्या. हेमंतरावांनी त्या आठवड्यात पेटी उघडली नाही.

खरा फास पुढेच होता. एका सकाळी ओवी आईजवळ येऊन बसली. तिने डोकं आईच्या मांडीवर ठेवलं.

"मी जात नाही, आई."

"कुठे?"

"शिकायला. जागा सोडून देते. मी पुस्तकात पुन्हा पुन्हा वाचलं. असा कंप बऱ्याचदा ताटातुटीच्या भीतीने सुरू होतो. माझं जायचं ठरायला लागलं आणि तुझा हात हलायला लागला. मला आधी कसं कळलं नाही गं?"

"अगं वेडे, तुझ्या जाण्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही!"

"असं पेशंट म्हणतातच."

बघा आता! जी जागा राखायला खोटं बोललं, त्याच खोट्याने जागा चालली. नाही म्हणावं तर ते रोगाचं लक्षण ठरतं. खरं म्हणावं तर जागा तशीही जाते. ताईंनी लेकीच्या केसांतून डावा हात फिरवला, आणि उजवा मांडीखाली दाबून धरला.

त्या दिवशी संध्याकाळी ताई माजघरात सरावाला बसल्या. ओवी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. कंकणाचा ठोका सुरू झाला, सगळे ठोके एकसारखे, एकाच वजनाचे. ताईंचा डावा हात पाटावर पडू लागला, उजवा हवेत हलू लागला, आणि त्या हातातल्या बांगड्या किणकिणू लागल्या.

ओवी कोथिंबीर निवडता निवडता गुणगुणू लागली. नामाचा गजर. पाय आपोआप फरशीवर पडत होता. दोन आवर्तनं झाली आणि तिचा हात थबकला. आपण गजर का धरला? यंत्राच्या ठोक्यावर गजर धरता येत नाही, त्याला ना सुरुवात ना शेवट. तिने कान दिला. बांगड्या पहिल्या ठोक्याला जड वाजत होत्या, मग सात हलक्या, मग पुन्हा एक जड.

ती माजघरात आली. आईसमोर मांडी घालून बसली.

"आई, यंत्र सगळे ठोके सारखे देतंय."

"मग?"

"तू भजनी ठेका धरलायस. दर आठव्यानंतर समेवर येतेस."

ताईंचा हात जागच्या जागी थांबला. चोरी पकडल्यावर थांबतो तसा.

"आजारी हात सम दाखवत नाही, आई. वीस वर्षं तुझ्या मागे झांज धरली मी. तुझी सम मला झोपेतसुद्धा कळते." ओवीने तांब्या पुढे सरकवला. "मला पाणी दे."

"ओवी..."

"दे ना. तहान लागलीय."

ताईंनी तांब्या उचलला. भांड्यात ओतू लागल्या. हात नाचला, बारीक, वेगाने, त्याच्या स्वतःच्या चालीने. कंकणाचा ठोका बाजूला चाललाच होता, हात त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हता. पाणी पाटावर सांडलं. ओवी त्या हाताकडे बघत राहिली.

"अण्णाआजोबांची पळी," ती हळूच म्हणाली. "आणि मी लहानपणापासून तो देवच समजत आले."

मग ताई रडल्या. सगळं सांगितलं, पदर तोंडात धरून. "तुला माझी शपथ आहे, कुणाला बोलायचं नाही. तू जा. शीक. माझं काय राहिलंय? हात हलला म्हणून देव काही कीर्तन ऐकायचा थांबत नाही."

"आणि मी दुसऱ्याचा डोळा उघडून बसू? घरात हे झाकून? प्रत्येक वेळी चिमटा हातात घेताना वाटेल, हलला का, आता हलला का."

"निम्म्यांना होत नाही गं! तूच म्हणालीस."

"नाही होत. मला होणारही नाही कदाचित." ओवीने ओला पाट पुसायला घेतला. "पण तू मुकी होऊन बसलीस, बाबा पेटीला हात लावत नाहीत, आणि ह्या सगळ्यावर मी डोळ्यांची सर्जन व्हायचं? एका सकाळचं काम आहे, आई. तुझा हात बरा होतो."

"मी नाही यायची. बघते मला कोण नेतंय!"

ओवीने तेव्हा वाद घातला नाही. तिने डॉक्टर बागवानांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे बागवान बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. म्हणाल्या, "बेटा, मी ऐकलं नाही असं करू शकते." ओवी म्हणाली, "तुम्ही नाही करू शकत, मॅडम. मला हे दोनदा सांगायला लावू नका." लपवायला काही उरलं नाही म्हणून ताई पुन्हा तपासणीला बसल्या, अटीप्रमाणे नोंद झाली, आणि जागा गेली.

मग ती आईकडे आली. "आता नाही आलीस उपचाराला, तर माझी जागा फुकट गेली. बघ बाई, तुझं तू ठरव."

ठरवायला ठेवलं होतं काय? वृषालीताई टेबलावर आडव्या झाल्या. डोकं चौकटीत घट्ट बसवलं, इकडचं तिकडे होईना. लहरी सुरू झाल्या, डोक्यात ऊब पसरली. मधे मधे थांबून डॉक्टर उजव्या हाताने कागदावर गोल चक्री काढायला सांगत. पहिली चक्री अण्णांच्या पळीसारखी नाचली. दुसरी थोडी सावरली. ताई मनात म्हणत होत्या, देवा, नको थांबवूस. पोरीच्या जागेच्या मोलाने नको थांबवूस रे. तिसरी चक्री रांगोळीच्या रेघेसारखी रेखीव आली. हेमंतराव काचेपलीकडे टाळ्या पिटत होते. ओवीने जागा आपणहून सोडली असं ते समजत होते, खरं त्यांना त्याच दिवशी सकाळी कळलं होतं, आणि ते एकाच वेळी हसत होते, रडत होते. ताईंना डोळे पुसायचे होते. डोकं चौकटीत होतं, पाणी कानात उतरत राहिलं.

ताईंची कीर्तनं पुन्हा सुरू झाली. चिपळ्या अशा वाजू लागल्या की नव्या पोरांनी मान डोलवावी. लोक चिलयाचं आख्यान मागत: अतिथी येतो, आईबापांकडे जेवायला त्यांचं लेकरूच मागतो, आणि लेकरूच पुढे होऊन म्हणतं, मला द्या. ताई ते आख्यान लावत नाहीत. तिथे शेवटी अतिथी आपलं खरं रूप दाखवतो आणि लेकरू परत देतो. इथला अतिथी जेवला, हात धुतले, आणि निघून गेला.

ओवी आता गावोगावी फिरते. शाळेतल्या पोरांचे डोळे तपासते, म्हाताऱ्यांना चष्म्याचा नंबर काढून देते, ज्यांच्या पडद्यावर साय धरली असेल त्यांना शहरात पाठवते, दुसऱ्यांच्या हाताखाली. कुरकूर नाही. सुट्टीत आली की झांज धरते. तिने पस्तिशी गाठली. तिचा हात अजून हललेला नाही.

आणि तिथेच वृषालीताई अडकून बसल्या आहेत. रोज देवापुढे उभ्या राहतात आणि काय मागावं ते सुचत नाही. हात हलू नये म्हणावं तर पोरीकडून उगाचच सगळं काढून घेतलं, असं दरवर्षी थोडं थोडं जास्त ठरत जातं. हलावा म्हणावं, तर कुठल्या आईच्या तोंडून ते निघेल? म्हणून त्या काही न मागता, स्थिर हाताने, नुसतंच निरांजन ओवाळतात.

मंडळी, तुमच्या गावच्या शाळेत कधी डोळ्यांचं शिबिर भरलं, आणि एक हसरी बाई तुमच्या पोराची हनुवटी धरून, पापणी अलगद वर करून, एक थेंब बरोबर मधोमध सोडताना दिसली, तर तिला काही विचारू नका. संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा आईला जे मागता येत नाही ते तुम्ही मागा, तुम्हाला जे सुचेल ते. आणि नाव विसरू नका तिचं. ओवी. ओवी तासगावकर.